विश्लेषण : हाडाच्या कर्करोगात केमोथेरपी निष्प्रभ का ठरते?

ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग प्रामुख्याने वाढीच्या वयातील मुलांना होतो, तोही बहुतेकदा गुडघ्याजवळ. १९७० च्या दशकापूर्वी पाय कापूनही बहुतेक मुले दगावत, कारण तोवर रोग फुफ्फुसात पोहोचलेला असे. केमोथेरपी आल्यावर, रोग पसरलेला नसेल तर दहापैकी सहा-सात मुले वाचू लागली. मात्र गेली सुमारे चार दशके हा आकडा जवळपास तिथेच आहे.

औषध लागू पडले, हे कसे कळते?

मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही नेहमीची तीन औषधे. साधारण दहा आठवडे ती दिल्यावर शस्त्रक्रिया होते आणि काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासली जाते. ९० टक्के किंवा त्याहून अधिक पेशी मेलेल्या असतील तर प्रतिसाद चांगला. त्याहून कमी असतील, तर रोग उलटण्याचा धोका वाढतो.

पेशी औषधाला चकवतात कशा?

प्रत्येक औषधासाठी त्यांची पळवाट वेगळी. डॉक्सोरुबिसिन पेशीत शिरते खरे, पण पेशीच्या आवरणावरील ‘पी-ग्लायकोप्रोटीन’ हा प्रथिनांचा पंप ते बाहेर फेकतो. मेथोट्रेक्सेटला आत नेणारे वाहक प्रथिनच अनेक गाठींमध्ये कमी असते, म्हणजे दारच अरुंद. या औषधाची मात्रा प्रचंड ठेवावी लागते, त्यामागचे हे एक कारण. सिस्प्लॅटिन डीएनएला इजा करते. पण पेशीतील ग्लुटाथायोन त्याला वाटेतच पकडते किंवा पेशी झालेली इजा दुरुस्त करून घेते. शिवाय इजा झालेल्या पेशीला मरण्याचा आदेश देणारे ‘पी-५३’ जनुक या कर्करोगात बऱ्याचदा बिघडलेले असते. काही पेशी तर विभाजनच थांबवून निपचित पडून राहतात. वेगाने वाढणाऱ्या पेशींना लक्ष्य करणारी औषधे अशांना मारणार कशी?

या साऱ्याच पेशी उपचारांमुळे ‘शिकतात’ असे नाही. एकाच गाठीत नाना तऱ्हेच्या पेशी आधीपासून असतात. औषधाने दुबळ्या मरतात, चिवट उरतात आणि पुढची गाठ त्यांचीच बनते.

मग औषधे वाढवायची का?

हा प्रश्न ‘युरामॉस-१’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तपासला गेला. प्रतिसाद कमी असलेल्या ६१८ रुग्णांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेनंतर आयफॉस्फामाइड आणि इटोपोसाइडही देण्यात आले. २०१६ मध्ये निष्कर्ष आले : दुष्परिणाम वाढले, फायदा दिसला नाही. म्हणजे औषध चालले नाही हे डॉक्टरांना कळते, पण त्यापुढे हाती ठोस पर्याय नसतो. पंप बंद पाडणारी औषधेही इतर कर्करोगांत फारशी यशस्वी झाली नाहीत. कारण हेच पंप यकृत, आतडी आणि मेंदूचे विषारी द्रव्यांपासून रक्षण करतात.

भारतात काय चित्र?

मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा द्यायची तर रक्तातील पातळी वारंवार मोजावी लागते, उतारा म्हणून ल्युकोव्होरिन द्यावे लागते. हे सर्वत्र परवडणारे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने म्हणूनच ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइडवर आधारित ‘ओजीएस-१२’ उपचारक्रम वापरात आणला.

रोग उलटल्यास रेगोराफेनिब या गोळीचा पर्याय आहे. २०१९ मधील दोन चाचण्यांत तिने रोगाची वाढ काही काळ रोखली, मात्र ती केवळ काही महिन्यांपुरती.