गुलाबी मिठाचा महिमा

रबाळ्याहून खाडीपलीकडे पाहिलं तर भांडुप-मुलुंडकडची मिठागरं आठवतात, पण आता स्वयंपाकघरात मान आहे तो पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतल्या गुलाबी सैंधवाला. त्यात अनेक खनिजं आहेत, म्हणून ते आरोग्याला चांगलं, असं सांगतात. खनिजं आहेत हे खरंच. तो गुलाबी रंगही लोहाच्या संयुगांचाच. पण प्रश्न प्रमाणाचा आहे. सैंधवातही साधारण ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. तेवढ्या सैंधवातून पोटॅशियम मिळतं जेमतेम १५ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि एका केळ्यात ते चारशेच्या घरात असतं. आयुर्वेदाने सैंधवाला लवणांत श्रेष्ठ मानलं आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. मात्र त्या ग्रंथांच्या काळी मिठात आयोडीन घालण्याची सोय नव्हती. भारताने १९६२ साली गलगंडाविरुद्ध कार्यक्रम सुरू केला तो मिठाच्याच आधारे, आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूला आयोडीन लागतं. बहुतेक सैंधवात ते घातलेलं नसतं. गरोदर बाईच्या घरात ही अदलाबदल मला धोक्याची वाटते. रक्तदाबासाठी मीठ बदलायचंच, तर पुरावा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेल्या मिठाच्या बाजूने आहे: चीनमधल्या ६०० गावांतल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.