दगडाला टेकलेला फलक

गेल्या ईदला मुंबई-गोवा महामार्गाने रात्री गावी निघालो होतो. मागच्या सीटवर अम्मी आणि मुलं झोपलेली. एका वळणानंतर लेन अचानक संपली. चुना फासलेले दगड आणि काठीला बांधलेलं लाल फडकं. अंधारात लाल रंग काळाच दिसतो. कचकन ब्रेक दाबला, अल्लाहच्या कृपेने वाचलो. 'काम चालू आहे' असा फलकही होता, पण धुळीने माखलेला आणि त्याच दगडांना टेकवलेला.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर. सर्व्हर बंद पडल्यावर येणारा अलर्ट आमच्या काय कामाचा? तो आधी यायला हवा. फलकाचंही तसंच.

ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अडथळा दिसून गाडी थांबेपर्यंत इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषानुसार १२० मीटर लागतात. लो बीमचा उजेड तितका लांब पोहोचत नाही. परावर्तक फलक मात्र दुरूनच चमकतो, कारण त्याच्या शीटमधले काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम हेडलाइटचा उजेड आला तिकडेच परत पाठवतात. त्यावर धूळ बसली की तो नुसता पत्रा.

याच संस्थेच्या एसपी ५५ मार्गदर्शिकेत क्रम स्पष्ट आहे: आधी इशारा, मग हळूहळू तिरकी बंद होत जाणारी लेन, मग काम. आपल्याकडे बऱ्याचदा पहिले दोन टप्पेच गायब असतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आलं. निकष न पाळल्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. म्हणजे दंडासाठीही आधी कुणाचा तरी बळी हवा!

तोवर गप्प बसायचं का? रस्त्यातली इजा दूर करणं हा सदका आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग राष्ट्रीय महामार्गावर असा धोका दिसला की १०३३ वर कळवा. किलोमीटरचा दगड आणि दिशा सांगा, लेखी तक्रारही करा. नोंद झाली की 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

आणि सिव्हिल करून साइटवर सुपरवायझर झालेल्या आपल्या भावांनो, रात्री एकदा दोनशे मीटरवरून हेडलाइट टाकून आपलाच फलक बघा. दिसला नाही तर पुसा, पुढे आणून लावा. त्या दगडांमागे तुमचेच मजूर काम करत असतात.