पैसा कोणाचा, हे आधी ठरवा



ज्या गावांतून आजवर कीर्द-खतावणीच्या लाल चोपड्या चालत होत्या, तेथेही आता संगणक येऊन बसला आहे. दूध संस्था, पतसंस्था, बचत गट या सर्वांचे हिशेब यंत्रावर जाऊ लागले आहेत. त्यासाठी पुष्कळ ठिकाणी टॅली ही प्रणाली वापरतात. श्यामसुंदर गोयंका व त्यांचे चिरंजीव भरत गोयंका या पितापुत्रांनी बंगळूर येथे १९८६ साली जी कंपनी काढली, तिची ही निर्मिती होय.

यंत्र आले की सभासदांना हायसे वाटते. आता बेरीज चुकणार नाही, असे जो तो म्हणतो. आणि ते खरेही आहे. परंतु बेरीज बिनचूक असणे निराळे आणि हिशेब खरा असणे निराळे. हिशेब खरा ठरतो तो पहिल्या दिवशी, खात्यांचा आराखडा मांडताना. आज त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

खात्यांचा आराखडा म्हणजे संस्थेच्या सर्व खात्यांची, गटवार लावलेली यादी. टॅलीमध्ये नवीन संस्थेची नोंद करताच २८ गट आयते मिळतात. त्यांपैकी १५ मुख्य व १३ पोटगट. खाती मात्र दोनच तयार असतात: एक रोख रकमेचे आणि दुसरे नफातोट्याचे. बाकीची सर्व खाती आपण उघडावयाची आणि प्रत्येक खाते कोणत्या गटाखाली बसवावयाचे, तेही आपणच सांगावयाचे. १५ मुख्य गटांपैकी ९ ताळेबंदात जातात व ६ नफातोटा पत्रकात. या एका निवडीवर वर्षअखेरचे सारे चित्र अवलंबून असते.

हे उदाहरणाने पाहू. समजा, खानापूर तालुक्यातील एका गावी ६० कुटुंबांची दूध संस्था आहे. प्रत्येक घरचे रोज ५ लिटर दूध येते. भाव लिटरला ४० रुपये. त्यांतील ३९ रुपये उत्पादकाच्या हाती पडतात आणि १ रुपया त्याची ठेव म्हणून संस्था राखून ठेवते. वर्षाच्या शेवटी तो परत द्यावयाचा. रोजचे ३०० लिटर, म्हणजे रोजची ठेव ३०० रुपये. ३६५ दिवसांत ती १,०९,५०० रुपये होते. एकेका घराच्या वाट्यास १,८२५ रुपये येतात. मुलांची पुस्तके, सणाचे कपडे, पावसाळ्यापूर्वी कौले परतविणे, अशा कितीतरी गोष्टी या रकमेच्या भरवशावर ठरलेल्या असतात.

आता आराखडा मांडणाऱ्याने ‘दुधातील कपात’ असे खाते उघडले आणि ते उत्पन्नाच्या गटाखाली घातले, तर काय होईल? प्रत्येक लिटरमागे नावे बाजूस दूधखरेदीचे ४० रुपये पडतील. जमा बाजूस उत्पादकाचे ३९ आणि कपातीचा १, असे ४० होतील. दोन्ही बाजू तंतोतंत जुळतील. तेरीज काढली तर तीही बरोबर येईल. यंत्र कसलीही तक्रार करणार नाही. मात्र नफातोटा पत्रकात संस्थेस १,०९,५०० रुपयांचा जादा नफा दिसू लागेल. पंच मंडळी आनंदित होतील. कोणी नव्या शेडचा ठराव मांडील, कोणी लाभांश वाटण्याचा. आणि वर्षअखेरीस ६० घरची माणसे ठेव मागावयास येतील, तेव्हा पेटी रिकामी असेल. चोरी कोणीच केली नाही, तरीही गोरगरिबांचा पैसा गेला आणि शेजाऱ्याचा शेजाऱ्यावरचा विश्वासही त्यासोबत गेला.

म्हणून प्रत्येक खाते उघडताना एकच प्रश्न विचारावा: हा पैसा कोणाचा? वरील ठेव सभासदांची आहे. संस्था केवळ ती सांभाळते. ते देणे होय. टॅलीतील ‘करंट लायबिलिटीज’ या गटाखाली ‘सभासदांच्या ठेवी’ असा आपला एक पोटगट करावा व त्यात प्रत्येक सभासदाचे स्वतंत्र ठेवखाते उघडावे. मग कोणाही क्षणी गटाची बेरीज पाहिली की संस्थेने किती परत करावयाचे आहे ते समोर दिसते.

हाच प्रश्न इतरत्रही वाट दाखवितो. सभासदांनी भरलेले भाग हे भांडवल. जिल्हा संघास विकलेल्या दुधाची रक्कम ही विक्री. दूध तपासण्याचे यंत्र ४८,००० रुपयांस घेतले, तर ती मालमत्ता. ती स्थावर-जंगम मालमत्तेच्या गटात घालून दरवर्षी तिचा घसारा काढावा. त्याच यंत्राच्या दुरुस्तीचे ६०० रुपये मात्र त्या वर्षाचा खर्च. संस्थेची दोन बँकांत खाती असतील, तर ‘बँक’ असे एकच मोघम नाव न देता दोन निराळी खाती उघडावीत. नाहीतर पासबुकाशी हिशेब ताडून पाहता येत नाही.

नावांच्या बाबतीतही सावध असावे. आपल्या गावांतून एकाच नावाची तीन-चार माणसे सहज सापडतात. एकाच नावाची दोन खाती टॅली स्वीकारीत नाही. मग घाईत कोणी एखादे अक्षर फिरवून वेळ मारून नेतो आणि पुढे एकाचे दूध दुसऱ्याच्या नावे चढते. त्यापेक्षा प्रथमपासूनच नावापुढे सभासद क्रमांक घालावा.

खाती किती असावीत? फार थोडी असतील तर ‘किरकोळ खर्च’ या एका खात्यात सारे गडप होते. फार असतील तर लिहिणाराच गोंधळतो. ज्या रकमेविषयी वार्षिक सभेत प्रश्न निघू शकतो, तिचे खाते स्वतंत्र असावे, हे माप धरल्यास सहसा चूक होत नाही. उचंत खात्याविषयी मात्र विशेष जपावे. ज्या रकमेचा उलगडा झालेला नाही, ती तात्पुरती तेथे ठेवावयाची असते. ते खाते महिनाअखेरीस रिकामे व्हावयास हवे. वर्षभर साचत राहिलेले उचंत खाते म्हणजे हिशेबातील आंधळी विहीरच समजावी.

ही सारी शिस्त काही संगणकाबरोबर आलेली नाही. जमा-नावे या द्विनोंदी पद्धतीचे सविस्तर वर्णन १४९४ साली व्हेनिस येथे छापून प्रसिद्ध झाले, ते लुका पाचोली या फ्रान्सिस्कन संन्याशाच्या गणितग्रंथात. पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. व्हेनिसचे व्यापारी ती आधीपासूनच पाळीत असत. त्याने ती नीट समजावून दिली. व्यापाऱ्याने प्रथम आपल्या सर्व मालमत्तेची व देण्याची यादी करावी, हा त्याचा पहिला धडा होता.

तोच धडा आजही लागू आहे. जुन्या चोपडीतील १ एप्रिलच्या शिलका यंत्रात भरताना दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर आरंभीच्या शिलकांतील फरक म्हणून टॅली तो आकडा स्पष्ट दाखविते. तो उचंत खात्यात ढकलून मोकळे होऊ नये. जुनी चोपडी पुन्हा उघडून तो शोधावा.

कोणी म्हणेल, खाते चुकीच्या गटात पडले तर पुढे बदलता येते की! येते खरे. परंतु गट बदलताच मागील सर्व पत्रकांचे आकडेही बदलतात. मग सभेत वाचून दाखविलेला कागद आणि यंत्रातील आकडा यांचा मेळ बसत नाही, आणि सभासदांच्या मनात नसती शंका उभी राहते. म्हणून आधीच काळजी घेणे बरे.

यास्तव सूचना अशी की, संगणक चालविणाऱ्या मुलास बोलावण्यापूर्वी पंचांनी, चिटणिसाने व दोन जाणत्या सभासदांनी एकत्र बसावे. कागदावर तीन रकाने आखावेत: खात्याचे नाव, पैसा कोणाचा, आणि गट कोणता. मधला रकाना भरल्यावाचून तिसऱ्यास हात लावू नये. मग ही यादी वार्षिक सभेत मोठ्याने वाचून दाखवावी. ज्या माउल्या पहाटे उठून धारा काढतात, त्यांनीही ती ऐकावी आणि आपली ठेव कोठे लिहिली आहे ते निःसंकोचपणे विचारावे. तसे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. आणि ज्या संस्थेचा आराखडा नीट मांडलेला आहे, तिच्या चिटणिसास उत्तर देण्यास क्षणाचाही विलंब लागणार नाही.