पावडर स्टेजवर चालते, मग बसस्टँडवर का नाही?

गणेशगुडी : सुपा धरणाच्या खाली काळी नदीत राफ्टिंग चालतं. सीझनला बोटीवरची पोरं पाण्यात उतरायच्या आधी तोंडाला सनस्क्रीन चोपडतात आणि पांढऱ्याफटक तोंडानं काम करतात. कुणी काही म्हणत नाही, कारण ते उन्हातलं काम आहे. त्यातलाच एखादा बहिणीच्या लग्नात थोडं फाउंडेशन लावून उभा राहिला, की मागून खुसखुस सुरू होते. हसणारे म्हातारे कमीच, त्याच्याच वयाचे दोस्त जास्त.

पुरुषानं तोंडाला रंग लावणं आपल्याला नवीन आहे म्हणावं, तर मराठी रंगभूमी त्यावरच उभी राहिली. आणि त्यात आमच्या जिल्ह्याचा वाटा आहे, हे इथंही फार जणांना ठाऊक नसतं. १८४२ मध्ये उत्तर कन्नडमधली भागवत मंडळी खेळ घेऊन सांगलीला गेली. होन्नावरजवळच्या कर्की गावचा मेळा तो हाच, असं सांगतात. ते बघून सांगलीच्या पटवर्धन राजांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करा म्हणून सांगितलं, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झालं. सीता अर्थात पुरुषच. पुढं १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर कंपनीत आले. बालगंधर्वांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचं गजरा माळणं बघून घरंदाज बायका आपली फॅशन ठरवायच्या. १९६४ मध्ये सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. यक्षगानात आणि सिंधुदुर्गाच्या दशावतारात आजही कलाकार आरशासमोर बसून स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. त्याला कुणी बायल्या म्हणत नाही, उलट गावात मान असतो.

पण हा मान सगळ्यांना सारखा मिळाला नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील तमाशापटांत नाच्याच्या भूमिका करायचे. त्यांना बायको होती, मुलंबाळं होती. तरी लोकांनी पडद्यावरचा नाच्या त्यांच्या घरापर्यंत नेला आणि पुरुषपणावर शंका घेतली. २०१० च्या ‘नटरंग’मधल्या गुणाची दशा तीच. अंगानं पैलवान गडी, पण नाच्या झाला म्हणून घरचं आणि बाहेरचं सगळं गेलं. म्हणजे संगीत नाटकातली पावडर कला, आणि तमाशातली पावडर बदनामी. रंग तोच, तिकीट काढणारा वेगळा. माझ्या मते यात पुरुषपणापेक्षा जातीचा आणि पैशाचा हिशेब जास्त आहे.

आता बाजाराचं बघू, कॉमर्स शिकलेल्या माणसाची नजर तिकडंच जाते. फेअर अँड लव्हली १९७५ पासून बाजारात आहे, आणि घरातल्या बायकांची ट्यूब पुरुष गुपचूप वापरायचे हे उघड गुपित होतं. इमामीनं २००५ मध्ये फेअर अँड हँडसम आणली ती याच गिऱ्हाइकासाठी. पुढं शाहरुख खान जाहिरातीत आला आणि लाज थोडी कमी झाली. २०२० मध्ये दुसऱ्या कंपनीनं नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला, तर ‘हँडसम’ शब्दावरून दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. पुरुषांसाठी त्याला मेकअप म्हणत नाहीत, ग्रूमिंग म्हणतात. शब्द बदलला की माल खपतो. पण यातून पुरुष मोकळा झाला असं मला वाटत नाही. काळ्या रंगाचा जो न्यूनगंड आजवर पोरींना विकला, तोच आता पोरांनाही विकला जातोय, एवढंच.

मोकळेपणा किती, ते मोबाइलवर कळतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनच्या एका शाळकरी मुलानं जीव दिला. तो मेकअपचे व्हिडिओ टाकायचा. दिवाळीत साडी नेसून केलेल्या रीलवर शिव्यांचा पाऊस पडला होता. आपल्याकडं शिमग्यात साडी नेसून सोंग घेणाऱ्याला लोक हौसेनं पैसे देतात. मग तोच माणूस सोंग म्हणून नाही, आवड म्हणून नटला तर का खपत नाही? इथं आणखी एक घोळ होतो. नटणारा प्रत्येक मुलगा तृतीयपंथी नसतो, आणि तृतीयपंथी असणं ही शिवी नाही. मंजम्मा जोगतींना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा होत्या. हे दोन्ही विषय एका टोपलीत टाकून आपण दोघांनाही दुखवतो.

आणि सगळ्यात गंमत पुढंच आहे. मुंबईच्या सिनेमात मेकअप करणं हे बायकांना बंद होतं. युनियनचा नियमच तसा, मेकअपमन पुरुष आणि बायकांनी फक्त केस करायचे. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०१४ मध्ये तो मोडला. जिथं चार पैसे जास्त मिळतात तिथं तोंड रंगवणं पुरुषाचं काम ठरतं, आणि आमच्याकडं तेच शिकायचं म्हटलं की बायकी.

माझ्या ओळखीच्या एका घरात हेच चाललंय. मुलाला नवरीच्या मेकअपचा कोर्स करायचाय. लग्नसराईत या कामाला मागणी आहे, हे बापालाही दिसतं. बाप म्हणतो, कटिंगचं दुकान टाक, खुर्ची-आरशाचे पैसे मी देतो, पण ते ब्रश घेऊन फिरायचं नाही. मुलगा सध्या रिसॉर्टवर कामाला जातो आणि फी साठवतो.