मोजणीची दोरी आपल्या हातात पाहिजे

साथींनो, मोजणीचं नाव निघालं की आपण बाजूला उभे राहतो. साहेब मोजणार, लिहिणार, आपण अंगठा देणार. हे बंद झालं पाहिजे, असं आमचं मत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात कसत्या जमिनीचा दावा 4 हेक्टरपर्यंत करता येतो, म्हणजे 10 एकराला थोडं कमी. पण आपला तुकडा किती हे आपल्यालाच ठाऊक नसेल, तर वनहक्क समितीत बसून करायचं काय?

मोजणी काही जादू नाही. 33 फुटांची दोरी घ्या. एक दोरी लांब, एक दोरी रुंद म्हणजे 1 गुंठा. 40 गुंठ्यांचा एकर. तुकडा वाकडातिकडा असेल, आणि आपले सगळेच तसे, तर त्याचे त्रिकोण पाडा. पाया 6 दोऱ्या, काटकोनात उंची 4 दोऱ्या. गुणा, निम्मे करा, 12 गुंठे झाले.

खरी गोम उताराची. नकाशात जमीन सपाट धरतात. उतारावर दोरी जमिनीला टेकवून मोजली की आकडा फुगतो, मग आपल्यालाच खोटं ठरवायला ते मोकळे. म्हणून दोरी आडवी, पाण्याच्या पातळीत ताणा. वरच्या हाताच्या टोकाकडून दगडाचा ओळंबा खाली सोडा. तो टेकेल तिथून पुढचा टप्पा. चढ फार असला तर 10-10 फुटांनी जा.

दोरी धरायला बायाही पाहिजेत, बांध कुठवर ते त्यांना पक्कं माहीत. पंचनाम्याआधी आपला आकडा वहीत लिहून ठेवा. जुळला नाही तर तिथंच सांगा, परत मोजा. तोवर अंगठा नाही.