एकसष्ट विरुद्ध एक

धान कापून झालं की झाडीपट्टीतल्या गावांना उसंत नसते. मंडई, नाटकं, शंकरपट, आणि रिकाम्या बांध्यांमध्ये चुन्याच्या रेघा मारून भरवलेल्या स्पर्धा. कबड्डी, व्हॉलीबॉल आणि टेनिस बॉलचं क्रिकेट जोरात. फुटबॉल त्या मानानं कमी. पण जिथे फुटबॉल आहे तिथे एक भांडण हमखास होतं. एका गोलनं पुढे असलेला संघ शेवटच्या दहा मिनिटांत चेंडू मिळाला की तो लांब भिरकावतो. चेंडू नाल्यात, पोरं नाल्याकडे, घड्याळ चालूच. समोरचे ओरडतात, ‘चीटिंग आहे ही!’ पंच गप्प, कारण नियम मोडलेला नसतो.

चीटिंग मग कशाला म्हणायचं? माझं मत आधीच सांगून टाकतो. युक्ती विचित्र आहे, बघायला वाईट वाटते, एवढ्यावरून तिला लबाडी ठरवू नये. ती ज्याच्यावर चालवली, त्याला खेळून उत्तर देण्याची संधी होती का, एवढंच बघावं.

या कसोटीवर साफ नापास होणारं उदाहरण शेजारच्या गोव्यातलं आहे. २००४ साली तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये वर चढण्यासाठी कुडतरी जिमखाना आणि विल्रेड लेझर यांच्यात चुरस लागली, आणि गाडी गोलफरकावर येऊन अडली. शेवटच्या सामन्यात कुडतरीनं सांगोल्डा लाइटनिंगला ६१-१ असं हरवलं. विल्रेडनं दोनापावलाच्या संघाला ५५-१. नव्वद मिनिटांत बासष्ट गोल म्हणजे दर दीड मिनिटाला एक. प्रत्येक गोलनंतर चेंडू मधोमध आणून पुन्हा सुरुवात करायची असते, हे धरा. समोर कुणी उभं नसलं तरी हा आकडा गाठताना दम लागेल. मला कुतूहल त्या हरलेल्या संघाच्या एकुलत्या गोलाचं आहे. तो कशासाठी केला असेल? गोवा फुटबॉल असोसिएशननं चारही संघांना वर्षभरासाठी बाहेर काढलं, ते योग्यच झालं. कारण कुडतरीचे खेळाडू समोरच्या अकरा जणांविरुद्ध खेळत नव्हतेच. ते तिथे नसलेल्या विल्रेडविरुद्ध खेळत होते, विल्रेडवाले कुडतरीविरुद्ध, आणि दोन्हीकडचे समोरचे अकरा या कामात भागीदार होते.

याचा मोठा भाऊ २५ जून १९८२ चा. स्पेनमधल्या विश्वचषकात हिखोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर होते. जर्मनी एक-दोन गोलनं जिंकली तर दोघंही पुढे जाणार आणि अल्जेरिया घरी, असं गणित होतं. जर्मनीच्या ह्रुबेशनं दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेली ऐंशी मिनिटं दोन्ही संघ चेंडू आपापसात फिरवत बसले. अल्जेरियाचे प्रेक्षक गॅलरीतून नोटा हलवून दाखवत होते. याच अल्जेरियानं जर्मनीला साखळीत २-१ नं हरवलं होतं. पण त्यांचा शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपला होता, त्यामुळे आता बघत बसण्यापलीकडे त्यांच्या हाती काही नव्हतं. नियम मोडला नाही म्हणून शिक्षा कुणालाच झाली नाही. मात्र १९८६ पासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होऊ लागले.

२०१८ च्या विश्वचषकात जपाननं असंच केलं, असं म्हणणारे बरेच आहेत. पोलंडकडून ०-१ नं मागे असतानाही जपानी खेळाडू शेवटची दहा मिनिटं आपल्याच अर्ध्यात पास देत राहिले. तिकडे सेनेगल कोलंबियाकडून हरत होतं, आणि बाकी सगळं बरोबरीत राहिलं तर कमी पिवळी कार्डं असलेला जपान पुढे जाणार होता. कार्डांच्या त्या हिशेबाचं नाव ‘फेअर प्ले’, हा विनोद वेगळाच. मला तो खेळ आवडला नाही. तरीही ती लबाडी नव्हती, कारण सेनेगल त्याच मिनिटाला दुसऱ्या मैदानावर होतं. त्यांनी एक गोल केला असता तर जपानचा डाव जपानच्याच अंगाशी आला असता.

विचित्रपणाचा कळस बार्बाडोसचा. १९९४ च्या कॅरेबियन कपात संयोजकांनी अजब नियम केला: जादा वेळेतला निर्णायक गोल दोन गोलांचा धरायचा. बार्बाडोसला ग्रेनाडावर दोन गोलांनी विजय हवा होता. २-० असताना ग्रेनाडानं एक फेडला. वेळ संपत आली तेव्हा बार्बाडोसनं स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारून २-२ केलं, म्हणजे जादा वेळ मिळेल आणि एकाचे दोन होतील. ग्रेनाडालाही गणित उमगलं. ते दोन्हीपैकी कुठल्याही जाळ्यात गोल करायला धावले आणि बार्बाडोसवाले दोन्ही जाळी राखत राहिले. शेवटी ४-२. यात लबाडी कुठे आहे? दोघंही जिवाच्या आकांतानं खेळले. लाज वाटायला हवी ती नियम लिहिणाऱ्यांना.

आपल्याकडचा वाद बेंगळुरू एफसीच्या सुनील छेत्रीचा. ३ मार्च २०२३ ला बेंगळुरूत, इंडियन सुपर लीगच्या बाद सामन्यात, केरळ ब्लास्टर्सचे बचावपटू भिंत रचत असतानाच त्यानं फ्री किक मारली आणि गोल झाला. पंचांनी थांबायला सांगितलं नसेल तर शिट्टीची वाट बघावी लागत नाही, हा नियम जुनाच आहे. केरळचा संघ मैदान सोडून गेला, त्याबद्दल महासंघानं चार कोटींचा दंड केला. माझ्या मते छेत्री बरोबर होता. चेंडूसमोर एक माणूस उभा करणं केरळला सहज जमलं असतं.

कबड्डीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आघाडी मिळाली की रिकाम्या चढाया करून वेळ काढायचा, ही युक्ती सगळ्यांनी वापरली आहे. प्रो कबड्डीनं त्याबद्दल खेळाडूंना दोष दिला नाही. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणा, नाहीतर चढाईपटू बाद, असा नियमच केला. फुटबॉलनंही २०२५ पासून आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू कवटाळणाऱ्या गोलरक्षकाविरुद्ध कॉर्नर द्यायला सुरुवात केली. नाल्याचं दुखणंही तसंच मिटेल: रेषेवर दोन जादा चेंडू ठेवा आणि वाया गेलेला वेळ पंचांनी शेवटी वाढवून द्यावा.

दोन संघांच्या साट्यालोट्यावर मात्र मैदानात उपाय नाही, तो स्पर्धेच्या आखणीतच करावा लागतो. आपल्या मंडळांकडे बहुतेक ठिकाणी मैदान एकच असतं, त्यामुळे साखळीचे शेवटचे सामने एकामागून एक होतात आणि नंतर खेळणाऱ्या दोघांना पूर्ण हिशेब आधीच ठाऊक असतो. तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीतल्या संयोजकांना विनंती आहे: दोन मैदानं नसतील तर साखळी ठेवू नका, सरळ बाद पद्धत ठेवा. साखळी हवीच असेल तर गुण सारखे झाल्यावर गोलफरकाआधी त्या दोन संघांमधल्या सामन्याचा निकाल धरा. आणि हे यंदाच्या पत्रकावर, बक्षिसाच्या रकमेखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.