गाडीचा एसी आणि दोन टोपणं

या महिन्यात घरातल्या एका वेगळ्याच वस्तूबद्दल लिहीत आहोत. आमच्या दारात अब्बांची १९९५ सालची मारुती उभी आहे. अब्बा गेले, गाडी राहिली. विकायचं म्हटलं की अम्मी गप्प होतात, म्हणून विकलेली नाही. अम्मींना दमा आहे. दर दोन महिन्यांनी जव्हारहून मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबक असं करत नाशिकच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं. एप्रिल-मेमध्ये काचा उघड्या ठेवल्या तर लाल धूळ थेट छातीत आणि बंद ठेवल्या तर भट्टी. त्यामुळे एसी ही आमच्याकडे चैन नाही.

गेल्या वर्षी एसीने गार हवा देणं बंद केलं. हायवेवरच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रीने बॉनेट उघडून सांगितलं, हा जुना गॅस आता मिळत नाही, नवा भरू, फक्त नळीची तोंडं बदलावी लागतील. खिशातून दोन छोटे अॅडॉप्टर काढले, ४५० रुपये सांगितले. मग जुन्या तोंडातली पिन दाबली आणि उरलासुरला गॅस फुस्स करून हवेत सोडून दिला. आम्ही शेजारीच उभे होतो आणि काही बोललो नाही.

दर वर्षी १६ सप्टेंबरला, ओझोन दिनी, आम्ही मुलांकडून तक्ते करून घेतो. १९८७ साली याच तारखेला मॉन्ट्रियलचा करार झाला. जुन्या फ्रीजमधला आणि गाड्यांमधला आर-१२ हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो, म्हणून तो टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. १९९२ साली भारतही त्यात सामील झाला. हे आम्ही फळ्यावर शिकवतो. आणि आमच्याच गाडीतून तो बाहेर पडत असताना आम्ही घड्याळ बघत होतो, कारण अम्मींच्या औषधाची वेळ होत आली होती.

आता त्या तोंडांबद्दल. आर-१२च्या गाड्यांत गॅस भरायच्या तोंडाला आटे असतात, नळी फिरवून बसवायची. त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए साठी मुद्दाम वेगळी तोंडं ठरवली. ती आट्यांची नाहीत, नळी खटकन दाबून बसते. शिवाय मापं दोन: कमी दाबाच्या बाजूला १३ मिलिमीटर, जास्त दाबाच्या बाजूला १६. कमी दाबाची नळी निळी, जास्त दाबाची लाल. ही तोंडं वेगळी ठेवण्यामागे कंपन्यांची अडवणूक नव्हती. चुकूनही एकाचा गॅस दुसऱ्यात जाऊ नये, हा हेतू होता. अॅडॉप्टर लावणं म्हणजे ही गाडी आता कायमची नव्या गॅसवर गेली असं जाहीर करणं. निम्मंच काम करून टोपण बदललं तर ती जाहिरात खोटी ठरते.

आमच्याकडे तेच झालं. एसी गार झाला, अम्मी खूश. महिन्याभरात कॉम्प्रेसरमधून घरघर येऊ लागली. नाशिकला एका गॅरेजात आमचा जुना विद्यार्थी कामाला आहे, मोखाड्याचा, आयटीआय केलेला. एसी बंद ठेवून गाडी त्याच्याकडे नेली. बॉनेट उघडून त्याने पहिला प्रश्न केला, "सर, तेल बदललं होतं का?" आम्ही निरुत्तर. वर्गात हाच मुलगा मागच्या बाकावर बसायचा.

त्याने समजावलं ते असं. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर नळ्यांतून फिरून परत येतं. जुन्या गॅसमधलं खनिज तेल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते कुठेतरी साचून बसतं आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. म्हणून जुनं तेल काढून एस्टर जातीचं भरायचं. पीएजी तेलही चालतं, पण जुन्या तेलाचा अंश उरला तर एस्टर जास्त सोसतं. ड्रायर नवा, उघडलेल्या सांध्यांची रबरी रिंगं नवी. मग पंपाने आतली हवा आणि ओल पूर्ण ओढून घ्यायची, आणि काटा तसाच टिकतो का ते पाहायचं. टिकला नाही तर गळती आहे. गॅस वजनावर भरायचा, जुन्याच्या ८० ते ९० टक्के. जास्त भरला तर दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

अॅडॉप्टरमध्येही त्याने दोन खोड्या दाखवल्या. एकाची आतली पिन आखूड होती, जुना वॉल नीट दाबलाच जात नव्हता. म्हणजे पहिल्या मिस्त्रीने गेजवर पाहिलेला आकडा भरवशाचा नव्हता. दुसरा इतका उंच की बॉनेट त्याला घासत होतं, तिथे काटकोनी बसवावा लागला. आटेही गाडीगाडीत वेगळे असतात, मापूनच घ्यावे लागतात. आणि वरचं टोपण रबरी रिंगसकट घट्ट हवं, ते धूळ अडवतं आणि गळतीही. आतला गॅस त्याने यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून घेतला. नवा गॅस ओझोनला धक्का लावत नसला तरी कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो, म्हणून तोही हवेत सोडायचा नसतो.

हे सगळं घरी करून पाहू नका. निसटलेला गॅस डोळ्यात गेला तर बुबुळ गोठतं. कुणी स्वस्तात स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणाला तर गाडी तिथून लगेच काढा. गळती झाली तर बंद काचांच्या आत तो पेट घेऊ शकतो.

सगळा खर्च पहिल्याच्या बारापट झाला. कॉम्प्रेसर थोडक्यात वाचला. शेवटी त्याने बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली: आर-१३४ए, एस्टर तेल, तारीख, किती ग्रॅम. पुढच्या मिस्त्रीने अंदाज करू नये म्हणून. आम्ही खाली उर्दूतही लिहिलं. परतताना तोरंगण घाटात अम्मींनी शाल मागितली.